ईस्टर ते संत योहानाचा सण: लहान मुलांच्या घरातील उन्हाळी सण आणि संस्कार

वसईच्या पट्ट्यातील कॅथलिक घरांसाठी एप्रिल ते जून हा वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ असतो. उपवासकाळ संपून ईस्टर येतो, लग्नसराई सुरू होते, मुलांना सुट्टी लागते, फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे मुलांनी चर्चमधली पवित्र भाकर (ख्रिस्तप्रसाद) प्रथमच घेण्याच्या, तारखा जाहीर होतात, आखातात नोकरीला असलेली भावंडे रजा टाकून घरी येतात आणि मे महिन्यात गावोगावच्या क्रुसांपुढे संध्याकाळची जपमाळ सुरू होते. या धांदलीत तरुण आईवडिलांचे सगळे लक्ष हॉल, केटरर, कपडे आणि पाहुण्यांची यादी यांत अडकून पडते, आणि ज्या मुलांसाठी हे सारे चालले आहे त्यांच्या हातून घरात काय घडावे, हा प्रश्न मागे राहतो.

आमच्या थोरल्या मुलीच्या फर्स्ट कम्युनियनला आम्ही हॉल घेतला होता आणि दोनशे पाने उठली. दुपारी तीन वाजता ती पांढऱ्या झग्यातच खुर्चीवर झोपी गेली. त्या दिवसातले तुला काय आठवते, असे महिन्याभराने विचारले, तेव्हा ती म्हणाली, “माझी मेणबत्ती वाकली.” चर्चमधून हॉलकडे जाताना आम्ही ती मेणबत्ती गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवली होती आणि मेच्या उन्हात ती धनुष्यासारखी वाकली होती. धाकट्याच्या वेळी आम्ही सगळे घरीच केले. पुढे दिलेली पद्धत त्या दोन उन्हाळ्यांतून उभी राहिली आहे. तिचे सूत्र एकच आहे: घरातल्या प्रत्येक सणात मुलाने स्वतःच्या हातांनी करायची एक तरी गोष्ट असावी, आणि ती गोष्ट मोठ्यांनी त्याच्यासाठी करून टाकू नये.

आधी तारखा लावून घ्या

या काळातील बरेच सण ईस्टरवरून ठरतात, त्यामुळे दरवर्षी नवी मोजणी करावी लागते. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी पवित्र आत्म्याचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट, येतो. त्यापुढचा रविवार पवित्र त्रैक्याचा, त्यानंतरचा ख्रिस्तशरीराचा, आणि त्या आठवड्यातला शुक्रवार येशूच्या परमपवित्र हृदयाचा. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला असल्याने पेंटेकॉस्ट 24 मे रोजी आणि पवित्र हृदयाचा सण 12 जून रोजी येतो. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला असल्याने हेच सण 16 मे आणि 4 जून रोजी येतात. उरलेले सण ठरलेल्या तारखांचे आहेत: 1 मे हा श्रमिक संत योसेफ यांचा, 13 मे फातिमामातेचा, 31 मे मरियेने एलिझाबेथची भेट घेतली त्याचा, 13 जून संत अँथनी यांचा आणि 24 जून संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माचा. कॅलेंडरवर हे दिवस रंगीत खडूने मुलांकडूनच गोल करून घ्यावेत. त्यांच्याच शेजारी घरातील प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख लिहावी, कारण वाढदिवस सर्वांना पाठ असतो आणि बाप्तिस्म्याचा दिवस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

आल्तार मुलांच्या उंचीवर आणा

आपल्याकडे बहुतेक घरांत भिंतीवर उंच फळी ठोकून आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची वेदी, केलेले असते. मोठ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण मूर्ती सुरक्षित राहते आणि दिवा मुलांच्या हाती लागत नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाला तिथे फूलही ठेवता येत नाही. वरचे आल्तार तसेच राहू द्यावे आणि ईस्टरच्या आठवड्यात त्याच्या खाली गुडघाभर उंचीचे एक स्टूल मांडावे. त्यावर धुतलेले पांढरे सुती कापड, न फुटणारा लाकडी क्रूस, मरियामातेची लहान मूर्ती, पितळी ताटली आणि ईस्टरच्या जागरण विधीत आशीर्वादित झालेल्या पाण्याची छोटी बाटली एवढेच असावे. त्या रात्री चर्चमधून हे पाणी घरी आणता येते, म्हणून स्वच्छ बाटली सोबत न्यायला विसरू नये. बाटलीवर नाव व वर्ष लिहून ठेवावे, नाहीतर फ्रिजमधल्या बाटल्यांत ती मिसळून जाते. मेणबत्ती मात्र मोठ्यांनीच लावावी. विझवण्याचे काम मुलांना द्यावे.

ईस्टर ते पेंटेकॉस्ट या पन्नास दिवसांत संध्याकाळच्या घंटेला आंजेलूस या मरियेच्या नेहमीच्या प्रार्थनेऐवजी स्वर्गाच्या राणीची प्रार्थना म्हटली जाते आणि ती उभे राहून म्हणायची असते. मुलांना हा बदल फार लवकर कळतो. उपवासकाळात गुडघे टेकले होते आणि आता उभे राहायचे, एवढ्याने त्यांना ऋतू पालटल्याची जाणीव होते, त्यासाठी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

1 मे: कामाच्या वस्तू

हा दिवस महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीचा असल्याने वडील घरी सापडतात. पोप बारावे पायस यांनी 1955 मध्ये श्रमिक योसेफ यांचा हा सण सुरू केला. सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) घरातल्या प्रत्येकाने आपल्या कामाची एक वस्तू आल्तारापुढे आणावी: आजोबांचा वाडीतला कोयता, आजीचा झारा, आईचा लॅपटॉप, वडिलांचा लोकलचा पास, मुलांचे कंपासपेटी-दप्तर. एक छोटी प्रार्थना म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्यावर ईस्टरचे पाणी शिंपडावे. लॅपटॉपवर अर्थातच बोट ओले करून क्रुसाची खूण पुरेशी आहे. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात.

मे महिन्याची जपमाळ, लहान मुलांसह

या भागावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. पाच रहस्यांची (येशू व मरियेच्या जीवनातील प्रसंगांची) पूर्ण जपमाळ म्हणायला वीसेक मिनिटे लागतात आणि चार वर्षांचे मूल पाच मिनिटांपुढे स्थिर बसत नाही. मग रागावणे सुरू होते, आणि मुलाच्या मनात जपमाळ व रागावणे यांची गाठ कायमची बसते. म्हणून सात वर्षांखालील मुलांसाठी रोज एकच रहस्य घ्यावे: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया, शेवटी त्रैक्याची स्तुती. याला चार मिनिटे लागतात. त्यानंतर लहानांनी उठून खेळायला जावे आणि मोठ्यांनी हवी तर उरलेली चार रहस्ये पूर्ण करावीत. कोणत्या दिवशी कोणती रहस्ये, हे ठरलेले आहे: सोमवार व शनिवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये जोडली.

हातांना काम मिळावे म्हणून आमच्याकडे मोगऱ्याच्या कळ्या वापरतो. वसईत मेमध्ये मोगरा भरपूर असतो. कळ्या दुपारी चारनंतर, उमलण्याआधी तोडाव्यात, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवाव्यात आणि जपमाळेच्या वेळी बरोबर दहा कळ्या मोजून मुलाच्या ओंजळीत द्याव्यात. प्रत्येक नमो मरियेला एक कळी पितळी ताटलीत ठेवायची. धाकट्याने पहिल्या संध्याकाळी तीन कळ्या एकदम ठेवल्या, मग थांबून दोन परत उचलल्या आणि आमच्या आवाजाकडे कान देऊन एकेक ठेवू लागला. त्याला प्रार्थनेचे शब्द पूर्ण येत नव्हते, पण दहा म्हणजे किती हे त्याच्या बोटांना कळले होते. रात्री झोपेपर्यंत त्या कळ्या उमलतात आणि खोलीभर वास पसरतो. शहरात मोगरा महाग वाटत असेल, तर दहा चिंचोके किंवा तांदळाचे दहा मोठे दाणेही चालतात. तेच दाणे रोज वापरता येतात.

आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेर, गावच्या क्रुसाकडे जावे. वसईत, तसेच मुंबईच्या वांद्रे, खोताचीवाडी यांसारख्या जुन्या वस्त्यांत, मे महिन्यात क्रूस रंगवून, झेंडूच्या माळा व दिव्यांनी सजवून तिथे जपमाळ आणि लादाईन (मरियामातेला आळवणारी प्रार्थनामाला) म्हटली जाते. मुंबईतील यांतले कित्येक क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारलेले आहेत. मे महिनाच का, याचे एक कारण जुन्या दिनदर्शिकेत सापडते: 3 मे हा पूर्वी पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता; 1960 मध्ये तो सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला गेला, तरी लोकांनी महिना सोडला नाही. तुमच्या घराची पाळी असेल तेव्हा प्रार्थनेनंतर वाटायला उकडलेले चणे लागतात. एक किलो सुके चणे रात्री भिजवून, सकाळी मीठ घालून उकडले आणि वर ओल्या नारळाचे काप टाकले, की पंचवीस-तीस जणांना मूठ-मूठ पुरतात. वाटण्याचे काम मुलांकडे द्यावे आणि कागदाचे शंकूसारखे पुडे त्यांच्याकडूनच दुपारी करून घ्यावेत. उकाड्याच्या दिवसांत चणे संध्याकाळपर्यंत झाकून ठेवल्यास आंबतात, म्हणून पाणी पूर्ण निथळून, परातीत पसरून ठेवावेत. नारळ आयत्या वेळीच मिसळावा.

फर्स्ट कम्युनियन: चर्चमध्ये आणि घरी

प्रथम ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी मूल समजत्या वयाचे असावे लागते. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये हे वय साधारण सात वर्षे ठरवले. आपल्याकडे बहुतेक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) धर्मशिक्षणाचा वर्ग पूर्ण झाल्यावर, आठव्या-नवव्या वर्षी हा संस्कार होतो. मुलाचा बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल, तर तिथला दाखला लागतो. तो दोन-तीन महिने आधी मागवावा, कारण एप्रिलमध्ये चर्चच्या कार्यालयात लग्नाच्या कागदपत्रांची गर्दी असते.

ख्रिस्तप्रसादाआधी मुलाचे पहिले पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, होते. घरी बसून मुलाकडून पापांची यादी तयार करून घेण्याचा मोह अनेक आयांना होतो. मी स्पष्टपणे सांगेन की तसे करू नये. पापनिवेदन हा मुलाचा आणि देवाचा पहिला खासगी संवाद आहे, त्यात आपला कान नसावा. त्याऐवजी त्याच दिवशी आईवडिलांनी स्वतः रांगेत उभे राहावे. मुलाला धीर येण्यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

सकाळच्या वेळापत्रकाचा विचार नीट करावा. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी किमान एक तास उपास असतो. तो मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून नव्हे, तर प्रसाद घेण्याच्या वेळेपासून मोजतात आणि त्यात पाणी व औषध चालते. मिस्सा साडेसातची असेल तर प्रसाद सव्वाआठच्या सुमारास मिळतो, म्हणजे साडेसहापर्यंत मुलाला केळे आणि अर्धी भाकरी देण्यास काहीच हरकत नाही. उपाशी पोटी, बंद गळ्याचा कोट घालून, मेच्या उकाड्यात उभे केलेले मूल चक्कर येऊन पडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. कपडे पांढरे व सुती असावेत, आतून सिंथेटिक अस्तर नसावे. बूट आठवडाभर आधी घरात घालून फिरवावेत. मुलाला गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असेल, तर अत्यल्प ग्लुटेनच्या ओस्तीची (प्रसादाच्या पातळ भाकरीची) सोय होऊ शकते. फादरांशी महिनाभर आधी बोलावे. आणि मेणबत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी, पिशवीत तुमच्या हातातच ठेवावी. बंद गाडीत ती क्षणभरही ठेवू नये.

घरच्या कार्यक्रमासाठी तीस माणसे ही आमची मर्यादा होती: दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेतलेले धर्मपिता-धर्ममाता, सख्ख्या आत्या-मावश्या, काका-मामा आणि त्यांची मुले. बाकीच्यांच्या घरी त्या आठवड्यात मुलाला घेऊन आम्ही स्वतः गेलो, डबाभर मिठाई आणि ख्रिस्तप्रसादाचे स्मृतिचित्र दिले. कोणी रागावले नाही. उलट आजारी असलेल्या एका आजींना मुलगा पांढऱ्या कपड्यांत त्यांच्या खाटेपाशी उभा राहिलेला पाहता आला, जे हॉलमध्ये कधीच घडले नसते.

चर्चमधून आल्यावर थेट जेवणाकडे वळू नये. प्रथम मुलाने आपली मेणबत्ती घरच्या आल्तारापुढे ठेवावी आणि धर्मपित्याने ती पेटवावी. मग आजोबांपासून सुरुवात करून प्रत्येक वडीलधाऱ्याने मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. याला भाषणांची गरज नाही. त्यानंतर मुलाने एक काम करावे: आपल्या हाताने सर्वांना पाव वाटावा. आमच्याकडे सकाळी फुगे, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे छोटे गोल पाव, तळलेले होते. धाकट्याने टोपली घेऊन प्रत्येकाला एकेक फुगा दिला आणि शेवटचा स्वतः घेतला. त्या सकाळी त्याने चर्चमध्ये काय घेतले होते, ते त्याला त्या टोपलीमुळे आणखी थोडे कळले असावे, असे मला वाटते.

जेवण घरीच करणार असाल, तर तीस माणसांना माणशी दोनशे ग्रॅम हिशेबाने सहा किलो मटण, साडेतीन किलो तांदूळ आणि माणशी चार असे सव्वाशे फुगे धरावेत. फुग्यांचे पीठ उन्हाळ्यात फार लवकर वर येते, म्हणून रात्री न भिजवता पहाटे भिजवावे. रश्श्याला बाटली मसाला नव्या सालचा असेल तर चव वेगळीच लागते; तो एप्रिलच्या कडक उन्हात मिरच्या वाळवून, भाजून-कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, आणि मिरच्यांची देठे खुडण्याचे काम मुलांना आवडते. त्यानंतर साबणाने हात धुवून घ्यावेत, तोपर्यंत डोळ्यांना हात लावू देऊ नये.

पाकिटांतून आलेल्या पैशांबद्दल आधीच ठरवावे. मुलाने त्यातला एक भाग स्वतः मोजून बाजूला काढावा आणि गरजूंसाठी चर्चमधल्या पेटीत किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे स्वतः नेऊन द्यावा.

तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा

आखातातला मामा मेमध्ये येणार, म्हणून डिसेंबरात जन्मलेल्या बाळाचा बाप्तिस्मा लांबवण्याची पद्धत वाढली आहे. चर्चचा नियम पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा देण्याचा आहे आणि मला तोच योग्य वाटतो. धर्मपिता परदेशी असेल तर प्रतिनिधी उभा करता येतो. त्याविषयी फादरांना आधी विचारावे. धर्मपिता किंवा धर्ममाता यांपैकी एकही पुरते. दोन असल्यास एक पुरुष व एक स्त्री असावी. ती व्यक्ती साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेली आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेली कॅथलिक असावी लागते. जन्मदाखल्यावरील नाव आणि चर्चच्या नोंदवहीतील नाव अक्षरशः एकच आहे, हे त्याच दिवशी तपासावे, कारण ही चूक पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी त्रास देते. मामा मेमध्ये आला की घरी आभाराची प्रार्थना ठेवून त्याने बाळाला मांडीवर घ्यावे. पुढे दरवर्षी त्या तारखेला बाप्तिस्म्याची मेणबत्ती दोन मिनिटे लावून बाळाच्या कपाळावर ईस्टरच्या पाण्याने खूण करावी. दोन-दोन मिनिटे जळालेली मेणबत्ती लग्नापर्यंत टिकते.

31 मे ते 24 जून: एलिझाबेथचे घर

हे दोन सण एकाच कथेचे आहेत आणि मुलांना तसे सांगितले की लक्षात राहतात. एलिझाबेथ म्हातारपणी गरोदर आहे, मरिया डोंगराळ भागातून तिला भेटायला जाते, आणि सुमारे तीन महिन्यांनी योहानाचा जन्म होतो. 31 मे रोजी कुटुंबाने एखाद्या गरोदर नातेवाईक बाईला किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्ध आत्याला भेटायला जावे, आणि नुसत्या गप्पा न मारता तिचे एक काम करून यावे: पाणी भरणे, पंखे पुसणे, पावसाआधी कौले किंवा पत्रे तपासणे.

मधल्या काळात पवित्र हृदयाचा शुक्रवार येतो. पवित्र हृदयाची तसबीर घरात प्रतिष्ठित करण्याची प्रथा फादर मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर पोहोचवली. नवे घर घेतलेल्या जोडप्यांनी घराचा आशीर्वाद याच दिवशी ठेवला तर दोन्ही गोष्टी साधतात. 13 जूनला संत अँथनींच्या नावाने पाव आशीर्वादित करून गरिबांना वाटतात. शाळा उघडण्याच्या तोंडावर हा दिवस येत असल्याने मुलांनी त्यादिवशी मागच्या वर्षीची चांगली पुस्तके, जुने पण धड दप्तर गरजू मुलासाठी काढून ठेवावे.

24 जूनला गोव्यात सांजांव असतो: डोक्यावर फुला-वेलींचे कोपेल घालून तरुण विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाचा मान होतो. आमच्याकडे एवढा थाट नसतो, परंतु पाऊस सुरू झालेला असतो आणि अंगणात वेली फुटलेल्या असतात. मुलांनी वेलींचे मुकुट करावेत, पावसात मनसोक्त भिजावे आणि घरात आल्यावर गरम पेज प्यावी.

त्याच संध्याकाळी उन्हाळ्याच्या वस्तू आवरून ठेवाव्यात, कारण कोकणातला दमटपणा पांढऱ्या कापडाला आठवडाभरात डाग पाडतो. कम्युनियनचा पोशाख आणि बाप्तिस्म्याचे कापड खळ न घालता धुवावे, पूर्ण वाळल्याची खात्री करून, प्लास्टिकमध्ये न बांधता जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळावे आणि घडीत चार लवंगा व वाळलेला कडुनिंब ठेवावा. मेणबत्त्या वेगवेगळ्या कागदांत, आडव्या ठेवाव्यात. प्रत्येक गाठोड्यावर नाव, संस्कार, तारीख आणि धर्मपिता-धर्ममातेची नावे मुलाच्याच अक्षरांत लिहून घ्यावीत आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, एकदा उघडून पाहावे.